भुशाचा काटा

हरेश्वरभाऊ राऊतांना रिकाम्या हाताने रस्त्यावरून चालताना मी आयुष्यात एकदाच पाहिलं. ते शेवटी सांगतो. एरवी त्यांच्या हातात कोयता असायचा, नाहीतर सुंभाचा गुंडा, नाहीतर केळीच्या पानांची गुंडाळी. काहीच नसलं तर वाटेत पडलेली एखादी झावळी उचलून ओढत न्यायचे. "रिकाम्या हाताने चालतो तो चोर, नाहीतर साहेब," असं त्यांचं म्हणणं. "आणि मला साहेब कोण म्हणणार रे?"

सांडोरला त्यांची केळीची बाग आणि पापडीला आमचं भुशा-पेंडीचं दुकान. त्यांच्याकडे दोन म्हशी होत्या, त्यामुळे आठवड्याला एक पोतं भुसा ठरलेला. दुकानात अप्पा, म्हणजे माझे वडील, गल्ल्यावर बसायचे. मी तेव्हा तिशीतला. पोती उचलायची, काट्यावर चढवायची, गिऱ्हाइकांशी चार शब्द बोलायचे, हे सगळं माझ्याकडे. हरेश्वरभाऊ आले की दुकानात अंधार व्हायचा. उगाच फुगवून सांगत नाही. आमचं दार अरुंद होतं आणि माणूस भलताच रुंद.

दारातूनच विचारायचे, "काय दिनू, आजचं पन्नास किती किलोचं?"

मी हसायचो. अप्पा हसायचे नाहीत.

"मी नाही विचारत बाबा, म्हैस विचारते. म्हणते, राऊत, पापडीचं पन्नास खाल्लं की मी उपाशीच!"

बाकड्यावर बसलेली माणसं खो-खो हसायची. हरेश्वरभाऊ पोतं एका दमात सायकलीच्या कॅरिअरवर टाकायचे आणि निघून जायचे. भांडण कधीच नाही. आमच्या पन्नासच्या पोत्यात अठ्ठेचाळीस असतं हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, आणि गावाला ठाऊक आहे हे आम्हाला ठाऊक होतं. त्याची थट्टा इतकी जुनी झाली होती की त्यात खोटेपणा आहे हेच सगळे विसरून गेले होते.

त्यांना स्वतःला काट्याची गरजच नव्हती. केळीचा लोंगर दोन्ही हातांवर घ्यायचे, डोळे मिटायचे, जरासा झेलायचे आणि सांगायचे, "साडेअठरा." काट्यावर टाकला की साडेअठरा. फार तर पावभर इकडे-तिकडे. मी एकदा पैज लावून हरलो, तेव्हापासून कानाला खडा. "हात खोटं बोलत नाही, दिनू. डोळा बोलतो, जीभ तर बोलतेच बोलते. हात नाही."

आणि जेवण! त्या माणसाचं जेवण बघायला लोक पंगतीत मुद्दाम समोर बसायचे. लग्नात पहिल्या पंगतीला हरेश्वरभाऊ बसले नाहीत तर यजमानाला वाटायचं, आपलं काही चुकलं. पौषात शेतावर कंद-शेंगांची उकडहंडी लागली की मडकं उघडायचा मान त्यांचा. तोंड लालबुंद, बोटं भाजलेली, आणि कंद सोलता सोलता खाली बसलेल्यांना हुकूम: "हळू खा रे, कोणी मागे लागलंय का?" स्वतः मात्र आधीच तिसऱ्या पानावर. जेवून झालं की पोटावरून हात फिरवत म्हणायचे, "हे माझं बँकेतलं." पन्नाशी आली तरी त्या माणसाने आपल्या पोटाची कधी लाज धरली नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी नीलम. तेविशीची, बालवाडीत शिकवायची. शब्द कमी, हसणं जास्त. बापाच्या हातची सुकेळी तिला जीव की प्राण. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, केळीच्याच सोपटात, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीत, बांधलेली ती मधासारखी सुकेळी ती लहानपणी दप्तरात घालून न्यायची आणि वर्गात वाटायची. एका वर्षी गणपतीच्या आधी तिच्या पायांना सूज आली. आधी वाटलं, उभं राहून राहून येत असेल. मग चेहरा सुजला. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा बोरिवलीला डायलिसिस, आणि जमलं तर घरातल्या कोणाची तरी किडनी.

वहिनींना, म्हणजे नीलमच्या आईला, मधुमेह, त्या पहिल्याच फेरीत बाद. हरेश्वरभाऊंचं रक्त जुळलं, बाकीचंही जुळलं. पण इथेच तर घोडं पेंड खातं. वजन शहाण्णव, रक्तदाब चढा, साखर काठावर. डॉक्टर म्हणाले, "अशा माणसाला मी टेबलावर घेणार नाही. ऐंशीवर या, मग बघू. तोवर नुसत्या चकरा मारू नका." डॉक्टर वाईट नव्हते, घाईत होते. पण हरेश्वरभाऊंना ते बोलणं झोंबलं. ज्या पोटाला आयुष्यभर बँक म्हटलं, ते पोट मुलीच्या आड आलं होतं. "ऐंशी झाल्याशिवाय त्या माणसाला तोंड दाखवणार नाही," असं ते आमच्या बाकड्यावर बसून म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी चहा परत केला.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला ते चालायला लागले. तिकडे पूर्वेला एव्हरशाईन सिटीत तेव्हा नवीनच फ्लॅटवाले आले होते, ते पांढरे बूट घालून सकाळी फिरायचे आणि त्याचं कोणाला काही वाटायचं नाही. पण आमच्याकडे कामाशिवाय चालणं म्हणजे डोकं फिरल्याचं लक्षण. हरेश्वरभाऊंना लाज वाटायची. म्हणून ते कोयता आणि दोर घेऊन निघायचे, जणू कोणाच्या माडावर चढायला चाललेत. सांडोरहून पापडी, पापडीहून किल्ल्यापर्यंत आणि परत. कोणी विचारलं, "भाऊ, कुठे?" तर कोयता वर करून दाखवायचे. महिन्याभरात सगळ्यांना कळलं की या कोयत्याने आजवर एक शहाळंही उतरवलेलं नाही. तरी कोयता सुटला नाही.

घरात भाताला ताट नाही, चहाची बशी. सपाट एक बशी भात, वाटीभर वरण, उकडलेली भाजी, मासळीचा एक तुकडा. सगळ्यात अवघड काय होतं, तर दुसऱ्याच्या घरचा आग्रह. आमच्याकडे पाहुणा "नको" म्हणाला की यजमान दुप्पट वाढतो. खरंच नको असेल असं कोणाच्या मनातही येत नाही. त्यावर त्यांनी शोधलेला उपाय मला अजून आठवतो. त्या लग्नसराईत ते प्रत्येक लग्नात कमरेला टॉवेल बांधून वाढपी झाले. "वाढणाऱ्याला कोणी आग्रह करत नाही रे!" एका लग्नात बुंदीच्या लाडवांचं ताट घेऊन ते तीन पंगती फिरले. नंतर मी विहिरीवर गेलो तर हात धूत उभे. धुतले, वास घेतला, परत धुतले. मला बघून म्हणाले, "तूप जात नाही बघ लवकर." डोळे भरलेले होते त्यांचे. मी आपला तोंड फिरवून उभा राहिलो.

केळंही बंद झालं, पण ते डॉक्टरमुळे नाही. किडनीच्या आजारात केळं विषासारखं, असं नीलमला सांगितलं होतं. पाणी मोजून, मीठ बंद, केळं तर अजिबात नाही. केळीच्या बागेत जन्मलेली पोर, आणि दारात सोललेल्या राजेळीची माळ उन्हात सुकतेय. त्या वर्षी सुकेळी करताना हरेश्वरभाऊंनी एकही तोंडात टाकली नाही. माझ्याकडे घेऊन यायचे. "चाखून सांग, उतरली का गोडी?" मी म्हणायचो, तुम्हीच बघा की एक घास. "तिला नाही तर मला कशाला?" एवढंच म्हणायचे. मला मेल्याला मात्र ती गिळवायची नाही.

आता आमच्या काट्याकडे येतो. कितीही टाळलं तरी यावंच लागणार.

आमच्याकडे पोती तोलायचा मोठा काटा होता. फळीवर पोतं ठेवायचं आणि दांडीला लोखंडी चकत्या लटकवायच्या. जितक्या चकत्या लागतील तितकं वजन. अप्पांनी त्या चकत्या खालून कोरून हलक्या करून घेतल्या होत्या. रिकामा काटा अगदी सरळ, पण माल चढला की जास्त चकत्या लागायच्या. म्हणून अठ्ठेचाळीसचं पन्नास. तपासणीला साहेब येतील तेव्हासाठी खऱ्या चकत्यांचा दुसरा जोड आतल्या खोलीत पेटीत असायचा.

चालायला लागून तीन आठवडे झाल्यावर, एका रविवारी हरेश्वरभाऊ कोयता बाकड्यावर ठेवून त्या फळीवर चढले. स्टेशनवरच्या मशीनवर त्यांचा विश्वास नव्हता. ते मशीन तिकिटाच्या मागे भविष्य छापून द्यायचं. "जो भविष्य सांगतो तो वजन काय खरं सांगणार?" म्हणून भुशाचा काटा.

मी चकत्या लावल्या. अठ्ठ्याण्णव आले.

"अठ्ठ्याण्णव?" त्यांचा चेहरा पडला. "तीन आठवडे बशीत जेवतोय मी. शहाण्णव होतो ना रे?"

मला हिशोब लगेच समजला. खरं वजन चौऱ्याण्णव होतं, दोन किलो उतरले होते. नुसतं तोंड उघडायचं होतं. मी अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी पेपर वर धरला.

"चोरी झाली असणार," हरेश्वरभाऊच म्हणाले. "परवा शेजारच्या वैनीने अर्धा लाडू दिला, तो मी खाल्ला. जीभ मोठी चोर." ते खाली उतरले, कोयता घेतला आणि त्या दिवशी किल्ल्यापर्यंत दोनदा गेले. दुपारची बशीसुद्धा खाल्ली नाही, असं मागाहून वहिनी सांगत होत्या.

संध्याकाळी मी अप्पांना म्हटलं, "निदान त्यांच्यापुरत्या खऱ्या चकत्या लावू या."

"आणि पुढच्या रविवारी एकदम पाच किलो उतरले की बाकड्यावरचे काय आंधळे आहेत? आज त्यांच्यासाठी खरं, मग उद्या पोत्यांसाठी का नाही, असं गाव विचारेल. गप बस. जास्त उतरलं तर त्यांचं भलंच होईल."

आणि मी गप बसलो. अप्पांवर ढकलून मोकळा होणार नाही. "भलंच होईल" हे मलाही पटवून घ्यायचं होतं, ते मी पटवून घेतलं.

मग दर रविवारी तेच होऊ लागलं. चर्चमध्ये मिस्सा सुटली की माणसं आमच्या दुकानासमोर थांबायची, कारण हरेश्वरभाऊ काट्यावर चढायचे. त्र्याण्णव. नव्वद. शेजारची मार्थाबाय चर्चमध्ये त्यांच्या वजनासाठी मेणबत्ती लावून यायची. "भाऊ, आज अर्धा किलो तरी गेलाच पाहिजे, मोठी लावलीय!" सगळे टाळ्या वाजवायचे. त्या घोळक्यातला प्रत्येक जण आमच्याकडून अठ्ठेचाळीसचं पन्नास घेऊन गेलेला होता. एकाच्याही डोक्यात आलं नाही. मला वाटायचं, कोणीतरी म्हणावं. कोणीतरी थट्टेतच म्हणावं, "अरे, हा तर दिनूचा काटा!" म्हणजे माझी सुटका होईल. कोणी म्हटलं नाही.

होळीला काट्यावर साडेत्र्याऐंशी आले. म्हणजे खरे ऐंशी. त्या दिवशी मी ठरवलं, आता सांगायचंच. संध्याकाळी सांडोरला गेलो. नीलम ओट्यावर बसली होती, पेल्यातलं पाणी चमच्याने पीत होती. पाणी पुरवून पुरवून प्यायची तिची ती युक्ती. मला म्हणाली, "दिनूदादा, बाबांचे साडेतीनच राहिले ना? मला सांगत होते, आता तुझा बाप नवरदेव झाला." आतून हरेश्वरभाऊ आले. शर्ट खांद्यांवरून लोंबत होता, गळ्याची कातडी सैल पडली होती. "ये ये, शेवटची चढण आहे बघ," म्हणाले. एवढ्या आनंदाने म्हणाले की मी ओट्याच्या कडेला टेकलो. इतके महिने का नाही बोललास, असं विचारलं तर काय सांगू? चहा घेतला आणि उठलो. भेकड होतो मी, दुसरं काय.

ती शेवटची चढण फार वाईट गेली. ज्या अंगात उतरायला काही उरलेलं नव्हतं, त्यातून ते साडेतीन किलो काढत होते. रात्रीची बशी बंद केली. बागेत पाणी लावता लावता एकदा भोवळ येऊन पाटात बसले. मी म्हटलं, "भाऊ, एवढंही नको. डॉक्टरांना एकदा दाखवून तर या." इतकं आडून बोलायची अक्कल होती मला, सरळ बोलायची नव्हती. ते म्हणाले, "ऐंशी म्हणजे ऐंशी. साडेऐंशीला परत पाठवलं तर पोरीला काय सांगू?" त्या सगळ्याला दोन महिने लागले.

वैशाखात एका रविवारी दांडी ऐंशीवर सरळ झाली. मार्थाबाय रडायलाच लागली. हरेश्वरभाऊ काट्यावरून उतरले नाहीत, तिथेच उभे राहून हात जोडले. कोणाला, ते कळलं नाही; बहुतेक काट्यालाच. मी पाठ फिरवून पोत्यांच्या थप्पीआड गेलो.

त्याच आठवड्यात नीलमचे डोळे पिवळे झाले. कावीळ. डायलिसिसवाल्यांना होते म्हणे कधी कधी. मंगळवारी हरेश्वरभाऊ मुंबईला डॉक्टरांकडे गेले, तेव्हा वहिनी बरोबर होत्या, त्यांच्याकडून मला कळलं. तिथल्या काट्यावर भरले सत्त्याहत्तर. हरेश्वरभाऊंनी चपला काढल्या, घातल्या, पुन्हा काढल्या, तीनदा वजन करायला लावलं. डॉक्टर म्हणाले, "अहो, मी ऐंशी सांगितलं होतं. तुम्ही दोन महिन्यांपूर्वीच यायला हवं होतं. आता हिची कावीळ उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही."

कावीळ उतरली नाही. श्रावणात नीलम गेली.

दोन महिने आधी ऑपरेशन झालं असतं तर ती जगली असती का, हे मला कोणी सांगू शकत नाही. मी एकदोघा डॉक्टरांना विचारलंही, नावं न घेता. त्यांनी खांदे उडवले. खांदे उडवून माझं भागत नाही.

चौदावा झाल्यावर मी सांडोरला गेलो. त्याआधी पेटीतल्या खऱ्या चकत्या काढून काट्याला लावल्या आणि कोरलेल्या चकत्या किल्ल्याजवळच्या खाडीत फेकून दिल्या. अप्पा बघत होते. हरेश्वरभाऊ ओट्यावर सोपटाच्या वाद्या काढत बसले होते. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. चकत्या, पेटी, पहिला रविवार, होळी. काही राखलं नाही. मारतील असं वाटलं होतं. खरं म्हणजे मारावं असं वाटत होतं.

ते वाद्या काढत राहिले. काढता काढताच म्हणाले, "मला मुंबईलाच कळलं. सत्त्याहत्तर बघितलं आणि पहिली आठवली ती म्हैस." मग हातातली वादी खाली ठेवून म्हणाले, "तुला काय बोलू, दिनू? वीस वर्षं दुकानात येऊन मीच विचारत होतो ना, आजचं पन्नास किती किलोचं? सगळ्या गावात मोठ्याने विचारत होतो. पण भुशाला खोटं बोलणारा काटा माणसालाही खोटं बोलेल, हे माझ्या डोक्यातच नाही आलं रे. मला वाटलं, मी पोरीसाठी उभा आहे."

मी रडलो. त्यांनी समजूत घातली नाही आणि हाकललंही नाही. आपले दोन्ही हात उताणे करून बघत म्हणाले, "लोंगर पावभराने चुकलो नाही कधी. स्वतःला उचलून थोडंच बघता येतं."

त्यानंतर भुसा न्यायला ते स्वतः आले नाहीत, पोतं गडी न्यायचा. कार्तिकात एका सकाळी आले. दार आता अंधारलं नाही. बाजूने उजेड येत होता. म्हणाले, "म्हशी विकल्या. पुढच्या आठवड्यापासून पोतं काढून ठेवू नकोस. सांगायला आलो." अप्पा गल्ल्यावरून उठून उभे राहिले. हरेश्वरभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. दाराशी मी नुकतंच तोललेलं एक पोतं होतं. जाता जाता ते वाकले, दोन्ही हात पोत्याखाली घातले, डोळे मिटले आणि जरासं उचललं.

"पन्नास आहे," म्हणाले, आणि ठेवलं.

मी दारात जाऊन उभा राहिलो. ते सांडोरच्या रस्त्याने निघाले होते. कोयता नव्हता, दोर नव्हता, पानं नव्हती, दोन्ही हात नुसते बाजूला लोंबत होते. पुढे रस्त्याच्या मधोमध माडाची एक झावळी पडली होती. तिच्यापाशी ते क्षणभर थांबले. मग पाय उचलून ती ओलांडली आणि तसेच पुढे गेले.